त्याचा लहेजा, तिची चूक: एका हेल्पलाइनवरच्या इंग्रजी उच्चारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रयोगशाळांना लागणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी आहे. यंत्रं अनेक देशांत जातात. कुठेही बिघाड झाला की तिथले तंत्रज्ञ एकाच हेल्पलाइनला फोन करतात आणि सगळं बोलणं इंग्रजीत होतं. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा. फोन घेणारे अभियंतेही वेगवेगळ्या देशांतले. कुणाची पाळी कधी, त्यावर कुणाचा फोन कुणाकडे जाणार ते ठरतं. कंपनीची आणि माणसांची ओळख इथे मुद्दाम झाकली आहे.

प्रत्येक अभियंत्याचे काही कॉल नंतर ऐकून त्यांना गुण दिले जात. गुणपत्रिकेत तांत्रिक अचूकता, सौजन्य, आत्मविश्वास, नोंदींचा नेटकेपणा असे रकाने होते आणि त्यांच्या जोडीला एक रकाना होता ‘शुद्ध उच्चार’. हा रकाना कुणी घातला, ते कुणालाच आठवत नव्हतं. सोबतच्या सूचनांमध्ये ‘उच्चार प्रमाण इंग्रजीला धरून असावा’ एवढंच वाक्य होतं. कुठली प्रमाण इंग्रजी, हे लिहिलेलं नव्हतं.

गुण देणाऱ्या परीक्षक बाई अनुभवी होत्या. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. त्यांनी दक्षिण इंग्लंडच्या धाटणीचा उच्चार बरीच वर्षं कष्टाने कमावला होता आणि तोच त्यांच्या कानात पक्का बसला होता. ‘प्रमाण’ म्हटलं की त्यांच्यासमोर तोच उच्चार यायचा. सूचनांमधली रिकामी जागा त्यांनी प्रामाणिकपणे भरली, आपल्याला जे ठाऊक होतं त्याने.

प्रकरण सुरू कसं झालं

हेल्पलाइनवर नव्या लोकांना शिकवण्यासाठी एक ज्येष्ठ पद निघालं. मराठी मातृभाषा असलेल्या एका अभियंत्याने अर्ज केला. तिचं तांत्रिक काम सगळ्यांत उजवं होतं. अवघड यंत्रांचे फोन सहकारी आपणहून तिच्याकडे वळवायचे. पण उच्चाराच्या रकान्यात तिचे गुण ठरलेल्या किमान पातळीच्या खाली होते, त्यामुळे अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला पडला. मनुष्यबळ विभागाने तिला ‘ॲक्सेंट सुधारणे’ या नावाचा एक वर्ग सुचवला.

ती त्या वर्गाला जायला तयार होती, हे मुद्दाम सांगायला हवं. तक्रार करायचा विचार तिच्या मनात आला नव्हता. गोष्ट पुढे गेली ती तिच्या शेजारी बसणाऱ्या स्कॉटिश सहकाऱ्यामुळे. तिने काय सुधारायचं आहे ते पाहायला त्याने तिची गुणपत्रिका मागितली आणि सहज म्हणून आपली शेजारी ठेवली. तिच्या कागदावर शेरे होते: शब्दाच्या शेवटचा र उच्चारला जातो, ‘ओ’ सपाट आहे, ‘ए’ सपाट आहे, ‘कॉट’ आणि ‘कॉट’ यांत फरक होत नाही, म्हणजे झोपायची खाट आणि ‘पकडलं’ हे दोन्ही शब्द एकसारखे येतात. यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या बोलण्यातही होती. त्याच्या कागदावर त्या रकान्यात जवळजवळ पूर्ण गुण होते आणि शेरा होता: ‘छान स्कॉटिश लहेजा.’

हेल्पलाइनच्या भाषाप्रशिक्षणाचा आढावा घ्यायला मला बोलावलं, तेव्हा हे दोन कागद टेबलावर होते. ती मला म्हणाली, “मॅडम, ‘रोटर’ तो म्हणतो तसाच मी म्हणते. त्याच्या कागदावर तो लहेजा आहे, माझ्या कागदावर मातृभाषेचा दोष. मला गुण नकोत, पण मी नक्की काय सुधारायचं ते तरी सांगा.”

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता अडचण एका अर्जाची होती. खाली तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते, आणि बैठकीत ते सारखे एकमेकांच्या जागी यायचे.

पहिला प्रश्न, ‘शुद्ध’ कशाला म्हणायचं? ‘रोटर’ हा एकच शब्द घ्या. दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित बोलीत शेवटचा र गळतो आणि ‘ओ’ घसरत ‘ओउ’कडे जातो. स्कॉटलंडमध्ये र ठणठणीत ऐकू येतो आणि ‘ओ’ सरळ राहतो. आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांतही र उच्चारला जातो. म्हणजे शेवटचा र उच्चारणं ही चूक ठरवायची तर कोट्यवधी लोकांची मातृभाषाच चूक ठरते. ‘लॅबोरेटरी’ हा तर या कंपनीचा रोजचा शब्द. ब्रिटिश माणूस ‘बॉ’वर जोर देतो, अमेरिकन माणूस पहिल्याच ‘लॅ’वर देतो आणि पुढचा स्वर गिळतो. हेल्पलाइनवर दोन्ही उच्चार चालत होते आणि दोन्हींना पूर्ण गुण मिळत होते.

‘प्रमाण’ कसं घडतं याचा इतिहास बैठकीत थोडा उघडावा लागला, कारण व्यवस्थापकांना वाटत होतं की भाषातज्ज्ञांनी कधीतरी बसून योग्य उच्चार ठरवला असणार. तसं झालेलं नाही. डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये इंग्रजीचा उच्चारकोश काढला. त्यातला उच्चार दक्षिण इंग्लंडमधल्या, मोठ्या निवासी शाळांत मुलगे शिकलेल्या घरांतला होता आणि जोन्स यांनी त्याला नावही शाळांवरूनच दिलं होतं. पुढे 1926 च्या आवृत्तीत ‘रिसीव्ड प्रोनन्सिएशन’ हे नाव आलं आणि तेच रुजलं. हा उच्चार इतरांपेक्षा मुळात चांगला किंवा सुंदर आहे असं खुद्द जोन्स मानत नव्हते. पण पुस्तकात छापलं गेलं की वर्णनाचा नियम व्हायला वेळ लागत नाही.

त्याच बोलीतला ‘आफ्टर’, ‘प्लान्ट’ यांतला लांब ‘आ’ आज सभ्य समजला जातो. जॉन वॉकर यांनी 1791 च्या उच्चारकोशात नेमक्या याच लांब ‘आ’ला गावंढळपणाच्या अगदी कडेला बसवलं होतं. र ची कथा आणखी बोलकी आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भाषणं ऐका. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी शब्दाअखेरचा र गळलेला आहे, कारण त्या काळी पूर्व किनाऱ्यावरच्या उच्चभ्रूंत तीच रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये वारं फिरलं. विल्यम लॅबोव्ह यांनी 1962 मध्ये तिथल्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमधल्या विक्रेत्यांना ‘चौथा मजला’ हे शब्द उच्चारायला लावणारे प्रश्न विचारले. दुकान जितकं महागडं, तितका तिथल्या लोकांच्या तोंडी र जास्त. म्हणजे लंडनमध्ये र गाळणारा प्रतिष्ठित आणि न्यूयॉर्कमध्ये र उच्चारणारा प्रतिष्ठित. आवाजात स्वतःची प्रतिष्ठा नसते. ती बोलणाऱ्याकडून त्या आवाजाला मिळते. या प्रकरणातही तेच झालं होतं, फक्त ते दोन कागदांवर शेजारी शेजारी लिहिलेलं सापडलं.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याचा. डोनाल्ड रुबिन यांचा 1992 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मी बैठकीत सांगितला. विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं, बोलणारी बाई इंग्रजी मातृभाषा असलेली अमेरिकन. काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो होता, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला परका लहेजा ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यान कमी समजलं. ‘मला समजत नाही’ हे वाक्य प्रामाणिक असू शकतं आणि तरीही त्याचं कारण बोलणाऱ्याच्या तोंडात नसू शकतं. हेल्पलाइनवर चेहरा दिसत नाही, पण फोन उचलताना अभियंता नाव सांगतो, आणि नावही बरंच काही सांगून जातं. परीक्षकांच्या पडद्यावर तर नाव आधीच लिहिलेलं असायचं.

तिसरा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नव्हता. काही फोनवर खरोखरच गैरसमज होत होते. एकदा चुकीचा सुटा भाग पाठवला गेला होता. यंत्र बंद, प्रयोगशाळा खोळंबलेली आणि भाग परत मागवायचा. त्यामुळे ‘सगळे उच्चार बरोबर, विषय संपला’ असं म्हणून उठता येत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

मनुष्यबळ विभागाचा पर्याय सरळ होता: तिला वर्गाला पाठवा, गुण वाढले की पुढच्या वेळी अर्ज करू द्या. तिचीही तयारी होती. पण ज्या चार गोष्टींवर शेरे होते, त्यांतली एकही गोष्ट फोनवरच्या गैरसमजाला कारण झाल्याचं कुणी दाखवू शकलं नाही. म्हणजे तिने महिनोन्‌महिने कष्ट करून ‘ओ’ घसरवायला शिकायचं आणि चुकीचे भाग जात राहायचे ते राहायचेच.

दुसरा पर्याय होता ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार अधिकृत मानण्याचा. तो दोन-चार मिनिटांतच मागे पडला, कारण त्यात तो स्कॉटिश अभियंताही बसत नव्हता.

तिसरा पर्याय, रकानाच काढून टाकणं. तरुण अभियंत्यांचा याला जोरदार पाठिंबा होता आणि तो का होता ते मी समजू शकते. या पर्यायावर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिला. विरोधात दोन मुद्दे आले. एक, ज्या ठिकाणी उच्चारामुळे खरंच अडतं तिथे अभियंत्याला मदत मिळायला हवी. रकाना गेला की ती मदत मागायची जागाही जाते. दोन, पूर्वग्रह रकान्यात राहत नाही. ‘उच्चार’ हा शब्द कागदावरून पुसला तर तेच मत ‘आत्मविश्वास’ किंवा ‘व्यावसायिकता’ असं नाव घेऊन शेजारच्या रकान्यात जाऊन बसेल, आणि तिथे ते पकडणं जास्त कठीण. उघड असताना निदान दोन कागद शेजारी ठेवून बघता तरी आलं.

चौथा पर्याय होता मोजायची गोष्टच बदलण्याचा: उच्चार कसा वाटला याऐवजी ऐकणाऱ्याला काय समजलं ते पाहायचं. याला आधार होता. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी 1995 मध्ये दाखवलं होतं की लहेजा किती जाड वाटतो आणि बोलणं किती कळतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्यांनी ‘लहेजा फारच परका’ असं ठरवलेली अनेक वाक्यं त्याच ऐकणाऱ्यांनी शब्द न् शब्द बरोबर लिहून काढली होती. युरोपच्या सामायिक भाषा-चौकटीनेही 2018 च्या पुरवणीत उच्चाराची मोजपट्टी बदलली. मातृभाषिकासारखं बोलण्याचा आदर्श मागे ठेवून तिथे सुबोधतेला पुढे आणलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांच्या इंग्रजीसाठी ठरवलेली कामचलाऊ पातळी तर असं मानूनच चालते की उच्चारावर मातृभाषेची छाया असणार. फक्त त्या छायेने समजण्यात कधीकधीच अडथळा यावा. जिथे चुकीला विमानाची किंमत आहे तिथे ही मोजपट्टी पुरत असेल, तर हेल्पलाइनला न पुरण्याचं कारण नव्हतं.

पहिला निर्णय: आधी ऐकून लिहायचं

चौथा पर्याय तत्त्वतः मान्य झाला, पण व्यवस्थापकांना पुरावा हवा होता, आणि ते रास्तच होतं. निरनिराळ्या अभियंत्यांच्या कॉलमधले छोटे तुकडे कापले, नावं काढली. वेगवेगळ्या मातृभाषांच्या, हेल्पलाइनबाहेरच्या सहकाऱ्यांना ते ऐकवले आणि ऐकू आलेले शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले. मत द्यायचं नाही, फक्त लिहायचं. परीक्षक बाईंनीही लिहिलं.

निघालेलं चित्र कुणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हतं. मराठी अभियंत्याचा र, सपाट ‘ओ’ आणि सपाट ‘ए’ यांनी कुणालाच अडवलं नव्हतं. तिचे ट आणि ड मूर्धन्य आहेत, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून काढलेले. ते वेगळे जाणवत होते, पण शब्द बरोबर लिहिला जात होता. अडत होतं ते दुसरीकडेच, आणि त्यावर तिच्या गुणपत्रिकेत एकही शेरा नव्हता.

एक अडचण शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांची. इंग्रजीत ज्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या ज्या तुकड्यावर, जोर येतो त्याच्या सुरुवातीला हे वर्ण हवेच्या झोतासह येतात, जवळजवळ फ, ठ, ख यांच्या अंगाने. मराठीत प आणि फ हे स्वतंत्र वर्ण असल्यामुळे मराठी बोलणारा तिथे स्वच्छ प म्हणतो. इंग्रजीला सरावलेला कान मात्र त्या झोतावरूनच प आणि ब वेगळे करतो. झोत नसला की ‘पॅक’ त्याला ‘बॅक’ वाटू शकतो. सुट्या भागांच्या क्रमांकात ‘पी’च्या जागी ‘बी’ लिहिलं गेलं होतं ते यामुळेच.

दुसरी अडचण शब्दातल्या जोराची. ‘कॉम्पोनंट’मध्ये ती पहिल्या अवयवावर जोर देत होती. इंग्रजीत तो ‘पो’वर येतो. मराठीत जोर बदलला तरी शब्द बदलत नाही, म्हणून आपल्याला हे किरकोळ वाटतं. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखायला जोराचाच आधार घेतो. तिसरी अडचण ‘व्हेंट’ आणि ‘वेंट’ यांतल्या व ची. मराठीत दोन्हींना एकच अक्षर.

आणि स्कॉटिश अभियंता? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी त्याचं जवळजवळ सगळं बरोबर लिहिलं. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांनी त्याच्या तुकड्यांत कितीतरी जागा रिकाम्या सोडल्या. तो भराभर बोलायचा आणि ‘थर्टी’, ‘फॉर्टी’ यांतला मधला ट घशातच अडवायचा, त्यामुळे आकडे निसटायचे. हेल्पलाइनचे बहुतेक फोन याच दुसऱ्या गटातल्या लोकांचे होते. पूर्ण गुण असलेला माणूस फोन करणाऱ्यांना सर्वांत कमी समजणाऱ्यांपैकी निघाला. हे ऐकून तो रागावला नाही. मला वाटतं, यानंतर सगळ्यांचा सूर बदलला तो त्याच्यामुळेच. त्याने आपली रेकॉर्डिंग मागून घेतली आणि आकडे सावकाश सांगायचा सराव सुरू केला.

दुसरा निर्णय: काय बदललं

‘शुद्ध उच्चार’ हा रकाना गेला. त्या जागी ‘समोरच्याला समजलं का’ हा रकाना आला, आणि त्यात गुण देण्याऐवजी नोंद करायची असं ठरलं: फोनवर नेमका कुठला शब्द पुन्हा विचारला गेला, कुठला आकडा चुकीचा उतरवला गेला. ज्याच्या कॉलमध्ये असा शब्द सापडेल त्याला त्या शब्दापुरती मदत. मग तो कुठल्याही देशाचा असो.

आकडे आणि अक्षरं सांगायची पद्धतही ठरवून दिली. हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी निर्णय आहे, आणि तो उच्चाराला सरळ वळसा घालतो. विमान वाहतुकीत 1956 पासून आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला वापरात आहे. तीच इथे घेतली. ‘पी’ ऐवजी ‘पापा’, ‘बी’ ऐवजी ‘ब्राव्हो’. वैमानिकांच्या नियमात आकड्यांचे उच्चारही ठरलेले आहेत आणि त्यात ‘थ्री’ हा अधिकृतपणे ‘ट्री’ असा म्हणायचा असतो, ‘थाउजंड’चा ‘टाउजंड’. ज्या ‘थ’साठी जगभरचे विद्यार्थी ओरडा खातात, तो ‘थ’ सुरक्षेसाठी मुद्दाम काढून टाकला आहे, कारण पुष्कळ भाषांत तो नाहीच. बैठकीत हे कळल्यावर परीक्षक बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, “हे लेखी नियमात आहे?” आहे.

टेलिफोनचा भागही लक्षात घ्यावा लागला. जुन्या धाटणीच्या फोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढेच ध्वनी जातात. ‘एफ’ आणि ‘एस’ यांना वेगळं करणारा सरसराट बहुतांशी त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर ही दोन अक्षरं कुणाच्याही तोंडून सारखी वाटतात. त्याचा दोष इतके दिवस बोलणाऱ्याच्या माथी मारला जात होता.

मराठी अभियंत्याने तीनच गोष्टींवर काम केलं: सुरुवातीचा झोत, नेहमीच्या तांत्रिक शब्दांतला जोर आणि व. झोताचं तिला पटकन जमलं. ठ, ख तिच्या तोंडात जन्मापासून आहेत, फक्त ते इंग्रजीत वापरायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. व मात्र घाईत बोलताना अजूनही घसरतो.

ऐकणाऱ्यांसाठीही एक छोटं सत्र ठेवलं. अनोळखी लहेजा ऐकताना सुरुवातीला मेंदू थोडा मागे पडतो, पण हे मागे पडणं मिनिटभरातच बरंचसं भरून निघतं, असं कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांच्या 2004 च्या प्रयोगात दिसलं आहे. म्हणून अभियंत्यांनी फोनवर आधी ओळख, यंत्राचं नाव, हवापाण्याची दोन साधी वाक्यं बोलायची आणि आकडे त्यानंतरच सांगायचे, असा क्रम लावला. समोरच्याच्या कानाला तेवढी उसंत मिळते.

अवघड प्रसंग

मधल्या काळात एका मोठ्या ग्राहकाने लेखी मागणी केली: आमचे फोन ‘नीट इंग्रजी बोलणाऱ्या’ व्यक्तीकडेच द्यावेत. रोख मराठी अभियंत्याकडे होता. विक्री विभागाला मागणी निमूटपणे मान्य करायची होती. फोन दुसरीकडे वळवणं एका कळीचं काम, कुणाला कळणारही नाही.

व्यवस्थापकांनी आधी त्या ग्राहकाचे तिच्याबरोबरचे कॉल ऐकवले. प्रत्येक कॉलमध्ये बिघाड सुटला होता. एकाही जागी ग्राहकाने ‘पुन्हा सांगा’ म्हटलं नव्हतं. मग त्यांनी ग्राहकाला लिहिलं की कुठला शब्द किंवा सूचना समजली नाही ते कळवावं, त्यावर आम्ही काम करू, आणि एखाद्या फोनवर दोनदा सांगूनही समजलं नाही तर उपलब्ध असलेला दुसरा कुणीही सहकारी फोन घेईल. पण आवाज ऐकून माणूस निवडायची सोय देता येणार नाही. ग्राहकाने एकही शब्द कळवला नाही, आणि तो शेवटपर्यंत नाराजच राहिला. करार त्याने ठेवला.

हे पत्र तिला दाखवावं की नाही, यावर मतभेद झाले. काहींना वाटलं की उगाच दुखावेल. शेवटी दाखवलं. तिचं म्हणणं होतं की आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं आणि कंपनीने त्यावर काय उत्तर दिलं, हे दोन्ही माहीत असलेलं बरं. तिचं पटतं. लपवलं असतं तर ती गोष्ट कुठूनतरी अर्धवट तिच्या कानावर गेलीच असती.

निष्पत्ती

पुढच्या वेळी ज्येष्ठ पदासाठी अर्ज मागवले तेव्हा तिची निवड झाली. अक्षरमाला आणि आकडे परत वाचून घ्यायची सवय लागल्यापासून चुकीचे भाग जाण्याच्या तक्रारी ठळकपणे कमी झाल्या, आणि त्या सगळ्या अभियंत्यांच्या बाबतीत कमी झाल्या.

ज्याची भीती होती तेही थोडं घडलं. नव्या गुणपत्रिकेत काही अभियंत्यांचे ‘आत्मविश्वास’ या रकान्यातले गुण खाली आले, आणि ते बहुतेक तेच होते ज्यांचे पूर्वी उच्चारात कमी यायचे. व्यवस्थापनाने हे लवकर पाहिलं. आता त्या रकान्यात गुण देताना कॉलमधलं नेमकं वाक्य उद्धृत करावं लागतं. त्याने फरक पडतो आहे, पूर्ण पडलेला नाही.

परीक्षक बाई कामावर आहेत आणि नव्या पद्धतीच्या नोंदी सर्वांत बारकाईने त्याच करतात. सुरुवातीला त्या दुखावल्या होत्या. इतके कष्ट करून कमावलेला उच्चार म्हणजे नुसती एक बोली, हे ऐकणं सोपं नसतं. त्यांचा उच्चार आजही सुंदर आहे आणि तो त्यांनी सोडावा असं कुणी म्हणालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

परीक्षक बाईंना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं. त्यांना दोन कागदांची गोष्ट दुसऱ्यांकडून कळली आणि आपल्यावर आरोप ठेवला जातोय असं वाटलं. लिहून घेण्याच्या प्रयोगात त्या सामील झाल्या तेव्हाच ती भिंत पडली. त्यात गेलेला वेळ वाचला असता.

जुने गुण तपासायचे नाहीत असा निर्णय कंपनीने घेतला. कारण व्यवहाराचं होतं: पगारवाढी आणि बढत्या त्या गुणांवर झाल्या होत्या आणि सगळं उकरणं नको होतं. मी याच्याशी सहमत नव्हते आणि अजूनही नाही. निदान ज्यांचे अर्ज केवळ त्या एका रकान्यामुळे अडले, त्यांना तसं लेखी कळवता आलं असतं. त्यातले दोघं-तिघं दरम्यान नोकरी सोडून गेले.

फोन करणाऱ्यांना फार उशिरा विचारलं गेलं. कुणाचं बोलणं समजतं, कुठे अडतं हे त्यांच्याकडून सुरुवातीलाच घेतलं असतं, तर स्कॉटिश अभियंत्याचे आकडे निसटतात हे कितीतरी आधी दिसलं असतं.

भरतीच्या मुलाखतींना तर अजून कुणी हात लावलेला नाही. हेल्पलाइनवर येण्याआधीची ती पहिली फेरी फोनवरच होते, पाच-सात मिनिटांत निर्णय होतो आणि नाकारण्याचं कारण ‘संवादकौशल्य’ असं एका शब्दात लिहिलं जातं. मी सुचवलं आहे की त्या फेरीतही उमेदवाराचं नाव बाजूला ठेवून त्याने सांगितलेल्या सूचना ऐकणाऱ्याने लिहून काढाव्यात, आणि त्या लिखाणावरूनच निवड व्हावी. मनुष्यबळ विभागाने सूचना ठेवून घेतली आहे. उत्तर यायचं आहे.